हार्पर्स फेरी येथील स्मृतिफलक : साधन या दृष्टीनें परीक्षण

इतिहाससाधनांची छाननी करितांना ताम्रपट, शिलालेख, सनदा, महजर, पत्रें, शकावल्या व बखरी यांचा विचार आपण नेहमीं करितों. परंतु गेल्या सवाशें वर्षांत लेखांचा आणखी एक वर्ग बहुतेक सर्व देशांत वाढीस लागला आहे, आणि त्याचें परीक्षण मात्र व्हावें तसें होत नाहीं. रस्त्याच्या कडेला, पुलापाशीं, स्टेशनाच्या आवारांत किंवा जुन्या इमारतीच्या भिंतीवर बसविलेले ऐतिहासिक स्मृतिफलक, हा तो वर्ग होय. "या ठिकाणीं अमुक सालीं अमुक घडलें" असें हा फलक सांगतो. तो दगडावर कोरलेला किंवा धातूंत ओतलेला असतो, आणि ज्या जागेविषयीं बोलतो त्याच जागेवर उभा असतो. त्यामुळें वाटसरूस तो अस्सल वाटतो, आणि संग्राहकहि पुष्कळदां त्याची नक्कल उतरून घेऊन ती प्रसंगाचा पुरावा म्हणून दप्तरांत ठेवितो.

आमच्या मतें ही मोठी चूक आहे. फलक हा ज्या प्रसंगाविषयीं बोलतो त्या प्रसंगाचें साधन नव्हे. ज्या सालीं तो बसविला गेला त्या सालाचें आणि ज्यांनीं तो बसविला त्यांच्या मनाचें तें साधन होय. हा भेद विसरला म्हणजे केवळ सनावळीचा घोटाळा होतो असें नाहीं. ज्याच्या हातचा एक कागदहि मागें राहिलेला नाहीं अशा मृत मनुष्याच्या तोंडीं दुसऱ्याचे शब्द घातले जातात, आणि त्याचे स्वतःचे जे चार शब्द कोठें तरी नोंदलेले असतात ते बुजून जातात. अमेरिकेंतील हार्पर्स फेरी या गांवच्या फलकांवरून हें जितकें स्पष्ट होतें तितकें दुसऱ्या कोणत्याहि उदाहरणावरून क्वचितच होईल. म्हणून त्यांचें परीक्षण येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम स्थलाची थोडी माहिती दिली पाहिजे. हार्पर्स फेरी हें पोटोमॅक व शेनान्डोआ या दोन नद्यांच्या संगमावर वसलेलें लहानसें गांव आहे. आज तें वेस्ट व्हर्जिनिया राज्यांत मोडतें. १८६३ पूर्वीं तें व्हर्जिनियांत होतें. जॉर्ज वॉशिंग्टन याच्या पुरस्कारामुळें अठराव्या शतकाच्या अखेरीस येथें संयुक्त संस्थानांच्या सरकारचा बंदुकांचा कारखाना व शस्त्रागार यांची योजना झाली. १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्रीं गुलामगिरीचा कट्टा वैरी जॉन ब्राउन यानें मूठभर माणसांनिशीं हें शस्त्रागार काबीज केलें. तेथील शस्त्रें हातीं घेऊन गुलामांस स्वतंत्र करण्याचें युद्ध सुरू करावें, असा त्याचा बेत होता. तो दीड दिवसांतच फसला. पुढें दक्षिणेचा सेनापति म्हणून गाजलेला रॉबर्ट ई. ली हा त्या वेळीं सरकारी चाकरींत कर्नल होता. त्याच्या हुकुमाखालील शिपायांनीं १८ तारखेस सकाळीं आगीच्या बंबाचें घर फोडून त्यांत कोंडलेल्या ब्राउनास धरलें, आणि २ डिसेंबर १८५९ रोजीं चार्ल्स टाउन येथें त्यास फांशी देण्यांत आलें.

दीड वर्षानें यादवी पेटली. १८ एप्रिल १८६१ रोजीं माघार घेणाऱ्या सरकारी तुकडीनें आपल्याच हातानें शस्त्रागारास आग लाविली. जीं यंत्रें वांचलीं तीं दक्षिणेच्या लोकांनीं उचलून नेलीं. १८६५ पर्यंत गांव आठ वेळां एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेला. कारखाना पुन्हां उभा राहिला नाहीं. ज्या धंद्यावर गांव वाढला तो यादवीनें बुडविला आणि तिची आठवण तेवढी मागें ठेविली. आज या गांवाचा बहुतेक भाग राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून जतन केलेला आहे, आणि पावलोपावलीं फलक आहेत.

या फलकांकडे कोणत्या दृष्टीनें पहावें? आपल्या ताम्रपटवाचकांनीं याचा मार्ग पूर्वींच घालून दिलेला आहे. ताम्रपटाचे ढोबळ मानानें दोन भाग पडतात. एक प्रशस्तीचा, ज्यांत दात्याच्या कुळाचे गोडवे गाइलेले असतात. दुसरा दानाचा, ज्यांत गांव, चतुःसीमा, तिथि, दान घेणाराचें नांव व गोत्र हीं दिलेलीं असतात. दोन्ही भाग एकाच पत्र्यावर, एकाच हाताचे असले तरी कोणीहि जाणता संशोधक दोहोंस सारखें वजन देत नाहीं. स्मृतिफलकांतहि हे दोन भाग असतात. फक्त ते एकमेकांत इतके मिसळलेले असतात कीं वाचणारास सांधा दिसत नाहीं. तो सांधा शोधणें हेंच परीक्षकाचें काम होय. त्यासाठीं प्रत्येक फलकास चार प्रश्न विचारावे : तो कोणीं बसविला, केव्हां बसविला, मुळांत कोठें बसविला, आणि त्यांतील विधानास कागदाचा आधार कोणता?

येथील जुन्या फलकांपैकीं एक गट अमेरिकन युद्धखात्याच्या ओतीव लोखंडी पट्ट्यांचा आहे. या १८९० नंतरच्या दशकांत बसविल्या गेल्या. १८६२ च्या सप्टेंबरांत स्टोनवॉल जॅक्सन यानें गांवास वेढा घातला, आणि १५ सप्टेंबर रोजीं सुमारें १२,५०० सरकारी फौज शस्त्रें ठेवून त्याच्या स्वाधीन झाली. त्या मोहिमेची ही हकीकत आहे. पट्ट्यांची भाषा रुक्ष आहे आणि तोच त्यांचा गुण आहे. कोणती पलटण कोठून कोठें गेली एवढेंच त्या सांगतात. त्यांत प्रशस्ति फारशी नाहीं. दोष आहे तो मर्यादेचा. त्या वेळीं गांवांत सरकारी फौजेच्या आश्रयास आलेले शेंकडों पळून आलेले गुलाम होते. फौज शरण गेली तेव्हां शिपायांस वचनावर सोडून देण्यांत आलें. या आश्रितांपैकीं अनेकांस मात्र धरून पुन्हां गुलामींत नेण्यांत आलें. फौजांच्या हालचालींची टिपणें वाचून हें कळणार नाहीं. लष्करी पट्टी लष्करापुरतीच खरी समजावी, एवढा बोध येथें घ्यावा.

दुसरें साधन म्हणजे ती बंबाची इमारत, जीस "जॉन ब्राउनचा किल्ला" म्हणतात. पाहणारास ती अस्सल अवशेष वाटते, आणि एका अर्थीं ती आहेहि. परंतु तिचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. १८९१ मध्यें ती उकलून शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्तानें त्या शहरीं नेण्यांत आली. तेथें ती कोणी पाहीना, तेव्हां १८९५ मध्यें परत आणून गांवाबाहेर मर्फी नांवाच्या कुटुंबाच्या शेतांत उभारण्यांत आली. १९०९ मध्यें ती स्टोरर कॉलेजनें विकत घेऊन आपल्या आवारांत नेली. हें कॉलेज यादवीनंतर १८६७ मध्यें मुख्यतः मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठीं स्थापन झालेलें होतें. तें १९५५ मध्यें बंद पडलें. शेवटीं १९६८ मध्यें इमारत गांवाच्या खालच्या भागांत, मूळ जागेजवळ, आणण्यांत आली. मूळ जागीं ती बसवितां आली नाहीं, कारण तेथें १८९४ पासून रेल्वेचा भराव पडलेला आहे; त्या जागेची खूण म्हणून एक लहानसा स्तंभ आहे. शिवाय पुन्हां उभारणी करितांना उलट्या छापलेल्या छायाचित्राचा आधार घेतला गेल्यामुळें आजची इमारत मूळ इमारतीच्या आरशांतील प्रतिबिंबासारखी, डावीची उजवी झालेली, आहे. लेखकूच्या हस्तदोषानें पोथींतील पान उलटें बांधलें जावें तसाच हा प्रकार होय. "याच जागीं" असें म्हणणाऱ्या फलकास तिसरा प्रश्न कां विचारावा, याचें याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं.

या इमारतीवर १९१८ मध्यें स्टोरर कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांनीं एक पट्टी बसविली. गुलामगिरी या भूमीवरून कायमची नाहींशी व्हावी म्हणून जॉन ब्राउन व त्याचे २१ साथीदार यांनीं प्राण दिले, अशा आशयाचा तीवर लेख आहे. लिहिणारांची कृतज्ञता खरी आहे. ज्यांच्या आईबापांनीं गुलामी भोगली होती त्यांचा तो उद्गार आहे. तथापि संख्या चुकलेली आहे. ब्राउन धरून एकूण २२ माणसें होतीं. त्यांपैकीं १० लढाईंत पडलीं, ब्राउनासह ७ फांशी गेलीं आणि ५ निसटलीं. म्हणजे २१ साथीदारांपैकीं प्राण दिले ते १६ जणांनीं. ही चूक क्षुल्लक नाहीं, कारण निसटलेल्या पांचांत ऑस्बर्न अँडरसन हा कृष्णवर्णी गृहस्थ होता, आणि त्यानें या प्रसंगाची स्वतःची हकीकत १८६१ मध्यें छापून प्रसिद्ध केली. छाप्यांत आंतून भाग घेतलेल्या मनुष्याची ही समकालीन हकीकत होय. पट्टीचें म्हणणें अक्षरशः घेतलें तर आपला हा उत्तम साक्षीदार लिहिण्यापूर्वींच मरून गेलेला ठरतो. प्रशस्तीच्या भरांत दानभाग कसा बिघडतो तें येथें दिसतें.

आतां ज्या फलकासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला त्याकडे वळूं. छाप्यांत पहिला बळी पडला तो ब्राउनचा शत्रु नव्हे, कीं गुलामांचा मालकहि नव्हे. हेवर्ड शेफर्ड हा स्वतंत्र कृष्णवर्णी मनुष्य रेल्वेच्या स्टेशनावर सामानाचें काम पहात असे. त्याचें घर विंचेस्टर येथें होतें. गुलामांच्या मुक्ततेसाठीं आलेल्यांच्या गोळीनेंच तो मेला. १० ऑक्टोबर १९३१ रोजीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनीं, त्याच्या नांवानें एका मोठ्या शिळेचें अनावरण झालें. ती बसविणाऱ्या संस्था दोन : युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी आणि सन्स ऑफ कॉन्फेडरेट व्हेटरन्स. दोन्ही संस्था यादवींत हरलेल्या दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशजांच्या होत.

शिळेवरील लेखाचे दोन भाग स्वच्छ पाडतां येतात. पहिला भाग असा : १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्रीं हेवर्ड शेफर्ड हा उद्योगी व आदरणीय स्वतंत्र कृष्णवर्णी मनुष्य, रेल्वेची चाकरी बजावीत असतां, ब्राउनच्या माणसांकडून प्राणांतिक जखमी होऊन या फसलेल्या बंडाचा पहिला बळी झाला. दुसरा भाग असा : युद्धाच्या पुढील वर्षांत अनेक मोह असतांहि ज्या हजारों कृष्णवर्णीयांनीं आपल्या वर्तनास डाग लागूं दिला नाहीं, त्यांच्या शीलाचें व एकनिष्ठेचें तो उदाहरण आहे.

पहिल्या भागास आधार आहे, आणि तो चांगला आहे. तारखेविषयीं कोणी शंका काढील. कारण गोळी लागली ती मध्यरात्रीनंतर, म्हणजे इंग्रजी गणनेनें १७ तारीख लागल्यावर. परंतु "१६ च्या रात्रीं" हें बोलण्याच्या रीतीस धरून आहे, आणि सूर्योदयापासून वार मोजणाऱ्या आपल्या लोकांस त्यांत कांहींच वावगें वाटणार नाहीं. प्रश्न दुसऱ्या भागाचा आहे. शेफर्डवर उपचार करणारा डॉक्टर जॉन स्टारी याची पुढें अमेरिकन सेनेटच्या चौकशी समितीपुढें साक्ष झाली, आणि ती समितीच्या १८६० च्या अहवालांत छापलेली आहे. जखमी शेफर्डनें स्वतः सांगितलेलें असें म्हणून त्यानें दिलेली हकीकत थोडक्यांत अशी : पुलावरील पहारेकरी दिसेना म्हणून तो त्यास पाहण्यास गेला, कांहीं माणसांनीं त्यास थांबण्यास फर्माविलें, तो न थांबतां कचेरीकडे परत फिरला, आणि फिरतांच त्याच्या पाठींत गोळी लागली.

एवढाच पुरावा. यांत "बंडांत सामील हो" असें त्यास कोणीं म्हटल्याचें नाहीं, त्यानें नकार दिल्याचें नाहीं, मोह नाहीं, कीं मालकावरील निष्ठाहि नाहीं. निष्ठा दाखविण्यास मालक तरी हवा. शेफर्ड कोणाचा गुलाम नव्हता. अंधारांत एक नोकर सोबत्याच्या शोधास निघतो आणि अनोळखी हत्यारबंद माणसें पाहून माघारा फिरतो, येथपर्यंत कागद आपल्याला नेतो. तेथून "हजारोंच्या एकनिष्ठेचें उदाहरण" येथपर्यंतची उडी शिळेची स्वतःची आहे. शिवाय त्या हजारोंविषयींचें विधानहि कागदांशीं जुळत नाहीं. युद्धांत सुमारें १,८०,००० कृष्णवर्णी पुरुष सरकारी पायदळ, घोडदळ व तोफखान्यांत भरती झाले, आणि त्यांतील पुष्कळसे नुकतेच गुलामींतून सुटलेले होते. शिळेच्या मतें हा डाग समजावयाचा काय? ब्राउनच्या साथीदारांपैकीं डेंजरफील्ड न्यूबी हा मुक्त झालेला कृष्णवर्णी मनुष्य छाप्यांत मारला गेला. त्याच्या बायकोचीं, हॅरिएट हिचीं, पत्रें त्याजपाशीं सांपडलीं. ती गुलाम होती. मालक आपणांस विकून टाकील, त्यापूर्वीं येऊन सोडीव, अशी तिची त्यांत विनवणी आहे. त्या काळच्या कृष्णवर्णी कुटुंबाचें मन जाणावयाचें तर १८५९ चें हें पत्र साधन मानावयाचें, कीं १९३१ ची शिळा?

त्या समारंभांतच याचें उत्तर एका बाईनें दिलें. स्टोरर कॉलेजच्या संगीतशिक्षिका पर्ल टॅटन तेथें गायकवर्ग घेऊन आल्या होत्या. त्यांनीं उभें राहून आपले वडील आपल्या लोकांच्या स्वातंत्र्यासाठीं उत्तरेच्या फौजेंत लढल्याचें सांगितलें. परीक्षकाच्या दृष्टीनें हें उदाहरण महत्त्वाचें आहे : शिळेचा दुसरा भाग ती उघडली त्याच दिवशीं खोडून काढला गेला होता, खोडणारीचे शब्द मात्र दगडावर नाहींत.

पुढील वर्षीं, १९३२ मध्यें, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीं झटणाऱ्या नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संस्थेनें प्रत्युत्तर म्हणून एक पट्टी तयार केली. लेख विख्यात विद्वान् डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांचा होता. ब्राउननें येथें गुलामगिरीवर जो घाव घातला त्यानें एक अपराधी राष्ट्र जागें झालें, त्याच्यासह सात गुलाम व गुलामांचे पुत्र लढले, आणि त्याच्या देहावरून दोन लक्ष कृष्णवर्णी सैनिक व चाळीस लक्ष मुक्त जन चालत गेले, असा त्याचा मथितार्थ. भाषा तीव्र आहे म्हणून कॉलेजनें ती पट्टी लावण्यास नकार दिला. आमची सहानुभूति या लेखाकडे आहे हें लपवीत नाहीं; परंतु कसोटी सर्वांस एकच लाविली पाहिजे. सैनिकांची संख्या आरमारी लोक धरले असतां जवळजवळ बरोबर आहे. सातांचा आंकडा मात्र रूढ यादीशीं जुळत नाहीं. ब्राउनच्या २१ साथीदारांत कृष्णवर्णी पांच होते : न्यूबी, लीअरी, कोपलंड, ग्रीन आणि अँडरसन. आणि ज्या शिळेस हें उत्तर होतें तीवरील शेफर्डविषयीं या लेखांत एक अक्षरहि नाहीं. एका पक्षानें त्यास एकनिष्ठेचा पुतळा केलें, दुसऱ्यानें त्यास वगळलें.

यापुढील हकीकत व्यवस्थापकांच्या कसोटीची आहे. १९७६ मध्यें इमारतींच्या दुरुस्तीसाठीं शिळा हलविण्यांत आली. १९८१ मध्यें ती परत आणली, पण फळ्यांनीं झांकून ठेविली. १९९५ मध्यें फळ्या काढून शेजारीं उद्यानखात्यानें एक फलक उभा केला. शिळा कोणीं व केव्हां बसविली, समारंभांत स्तुति व निषेध दोन्ही कसे झाले, हें त्यावर सांगितलें असून डु बॉइस यांचे शब्दहि दिलेले आहेत. २००६ मध्यें, म्हणजे ७४ वर्षांनीं, नाकारलेली १९३२ ची पट्टी जुन्या कॉलेजच्या आवारांत लागली.

फळ्या ठोकण्याचा मार्ग आम्हांस मान्य नाहीं. शिळा वाचून ज्यांचें मन दुखावलें त्यांचें दुःख खरें होतें. पण झांकलेला लेख खोटा ठरत नाहीं, तो फक्त तपासण्यास मिळत नाहीं. बनावट सनदहि आपण जाळीत नाहीं. "बनावट" असा शेरा मारून ती दप्तरांत ठेवितों, कारण ती कोणीं व कां बनविली हाहि इतिहासच आहे. १९९५ च्या फलकानें असा शेरा मारला, आणि आमच्या चार प्रश्नांपैकीं पहिल्या दोहोंचें उत्तर दिलें, हें त्याचें मोठें श्रेय होय. चौथा प्रश्न मात्र तसाच राहिला. एका मतास दुसऱ्या मताचें उत्तर दिलें गेलें. पुरावा पुढें आला नाहीं. वाचणारा दोन प्रशस्तींपैकीं आपल्या आवडीची निवडून पुढें जातो. स्टारीच्या साक्षींतील त्या दोन ओळी तेथें असत्या तर निवडीचा प्रश्न उरला नसता.

यावरून संग्राहकांस व फलक बसविणारांस आमची सूचना आहे. फलकाची नक्कल घेतांना त्याचें साल, कर्ते, मूळ जागा व पुढील स्थलांतर हीं अवश्य नोंदावीं. तीं नसतील तर नक्कल अपुरी समजावी. नवा फलक बसवावयाचा असेल तर शेवटच्या ओळींत बसविल्याचें साल आणि विधानाचा मूळ कागद यांचा उल्लेख करावा. आणि फलक जर एखाद्या मनुष्याच्या नांवाचा असेल, तर त्याच्या तोंडचे शब्द कोठें नोंदलेले आहेत काय हें पाहून ते प्रथम द्यावे. आपलें मत मागाहून.

हेवर्ड शेफर्डच्या बाबतींत हें आजहि करण्यासारखें आहे. शिळा आहे तेथेंच असूं द्यावी, शेजारचा फलकहि असूं द्यावा. फक्त त्यांच्यामध्यें एवढेंच लिहावें कीं, पहारेकरी दिसेना म्हणून तो पुलावर पाहण्यास गेला होता, थांब म्हटल्यावर कचेरीकडे परत फिरला, आणि पाठींत गोळी लागली, असें त्यानें स्वतः डॉक्टरास सांगितलें. साक्ष १८६० च्या अहवालांत आहे.